स्वॅप केला सप्टेंबरात, फाईल केली फेब्रुवारीत

हिशेबी_नाना

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की कंपन्या हे स्वॅपबिप करतात तो सट्टाच, फक्त सुटाबुटातला. तिथेच उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढू. मी चाकणला एका निर्यात करणाऱ्या कारखान्यात ट्रेझरी (कर्जं, परकीय चलन वगैरे) बघतो. ट्रेझरी म्हणजे काय तर मी आणि एक मुलगा, आणि तो मुलगाही अर्धा जीएसटीवाल्यांचा. कंपनीचं नाव विचारू नका.

तर सप्टेंबर २०२१ मध्ये आम्ही २ कोटी डॉलरचं ईसीबी (परदेशातून काढलेलं व्यावसायिक कर्ज) घेतलं, पाच वर्षांचं, मुद्दल सगळं शेवटी एकदम. व्याज तीन महिन्यांचा लायबोर (लंडनच्या बँका एकमेकींना उसने द्यायच्या तो दर, सतत बदलणारा) अधिक १.८० टक्के. तेव्हा लायबोर होता ०.१२ च्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत डॉलर हातात, शेठ एकदम खूश. मला मात्र झोप येईना, कारण शून्याला टेकलेला दर आणखी कुठे जाणार, वरच ना. मग बँकेशी बोलून स्वॅप, म्हणजे व्याजाच्या अदलाबदलीचा करार, केला. आम्ही बँकेला पाच वर्षं १.०० टक्का ठरलेला द्यायचा, बँक आम्हाला तीन महिन्यांचा लायबोर देणार. कर्जावर जो लायबोर भरायचा तो स्वॅपमधून आलेल्या लायबोरने फिटतो, उरतं १.०० अधिक १.८०, म्हणजे २.८०. मुद्दल कुठेही हलत नाही, दर तिमाहीला फक्त फरकाची रक्कम इकडून तिकडे.

पहिल्या तिमाहीला फरक आमच्या अंगावर आला, ढोबळ ४४ हजार डॉलर. शेठनी व्हाउचरवर बोट ठेवून विचारलं, "नाना, बाजारात ०.१२ चालू आहे आणि आपण १ टक्का भरतोय, हे डोकं कुणाचं?" डोकं माझंच. पुढचे तीन महिने जेवणाच्या सुट्टीत हाच विषय.

पण धाग्याचं कारण ते नाही. मी बोर्डाचा ठराव घेतला होता, बँकेबरोबर इस्डा नावाचा ठरावीक करार झाला होता, कंपनीचा एलईआय हा ओळखक्रमांक होता, सगळं होतं. एक कागद नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑडिटरची मंडळी मार्चआधीची चाळणी करायला आली, त्यातली एक आर्टिकलशिप करणारी मुलगी, असेल बावीस वर्षांची, फाईल चाळत म्हणाली, "सर, हेज डॉक्युमेंटेशन कुठल्या तारखेचं आहे?" हेज म्हणजे जोखमीला घातलेलं कुंपण, आणि हे त्याचे कागद. मी म्हटलं ते मार्चला करू की. ती काही बोलली नाही, तिने फक्त वहीत टिपून घेतलं. ऑडिटरने न बोलता टिपून घेतलं की समजायचं.

इंड एएस १०९ ह्या हिशेबाच्या मानकाचा नियम असा की डेरिव्हेटिव्ह, म्हणजे स्वॅपसारखा दुसऱ्या कशाच्या दरावर बेतलेला करार, आहे म्हटल्यावर तो दर ताळेबंदाला बाजारभावाने दाखवायचा आणि भावातला चढउतार थेट नफातोट्यात टाकायचा. कर्ज मात्र आपलं अमॉर्टाइज्ड कॉस्टवर, म्हणजे बाजारभाव न बघता मूळ हिशेबावर, शांत बसलेलं. म्हणजे जोडीतला एक जण नाचतोय आणि दुसरा ढिम्म, असं दिसतं. हे टाळायची सोय म्हणजे हेज अकाउंटिंग, ज्यात स्वॅपच्या भावातला परिणामकारक भाग ओसीआयमध्ये म्हणजे नफातोट्याच्या खालच्या पडवीत बसवतात, आणि ज्या तिमाहीचं व्याज त्या तिमाहीला तेवढाच भाग आत घेतात. पण ही सोय मागायची तर सुरुवातीलाच लेखी हवं की कुठली जोखीम, कुठलं कर्ज, कुठला स्वॅप, परिणामकारकता कशी तपासणार. मागची तारीख टाकता येत नाही. ज्या दिवशी सही त्या दिवसापासून.

आमची सही १५ फेब्रुवारीला झाली. तोवर दर चढायला लागले होते, आणि स्वॅपची किंमत साधारण ७ लाख डॉलर आमच्या बाजूने झाली होती. ती सगळी नफातोट्यात गेली. ३१ मार्चला एकूण किंमत साडेबारा लाख डॉलर, रुपयात साडेनऊ कोटी. त्यातले नंतरचे साडेपाच लाख पडवीत.

आता वाचणारे म्हणतील नफा झाला की, रडतोस काय. शेठही तेच म्हणाले, पेढे सांगितले. मी पेढा खाल्ला पण घशाखाली उतरेना. पुढचं जेवण झाल्यावर लिहितो.

कोकणी_फणस

नाना, जेवून या, तोवर माझा बाळबोध प्रश्न. माझं गृहकर्ज रेपोला जोडलेलं, मे २०२२ ला ४ वरून ४.४० झाला तेव्हापासून फेब्रुवारी २०२३ ला ६.५० होईपर्यंत बँकेने माझा हप्ता तोच ठेवून मुदत अशी काही वाढवली की कर्ज संपेल तेव्हा मी साठी ओलांडलेली असेन. तर स्वॅप म्हणजे फ्लोटिंगचं फिक्स्ड करून घेणं, बरोबर? मग कंपनी सरळ फिक्स्डचंच कर्ज का नाही घेत? एवढी उठाठेव कशाला?

बाजारबुणगा

मी बँकेच्या बाजूने लिहितो, डीलिंग रूममध्ये बारा वर्षं झाली. फणसभाऊ, फिक्स्डचं कर्ज मागायला गेलात तर पाच वर्षांचा दर ठरवून द्यायला बँक तयार नसते, किंवा देते पण मग मुदतीआधी फेडताना असा दंड लावते की विचारू नका. कारण बँकेने ते पैसे स्वतः फ्लोटिंगवर उचललेले असतात. स्वॅप वेगळा असला की कर्ज एका बँकेचं आणि स्वॅप दुसऱ्या बँकेचा करता येतो, अर्ध्याच रकमेचा करता येतो, सहा महिने थांबून करता येतो. सोय त्यात आहे.

आणि नानांनी किती बँकांचे कोट (दराचे भाव) घेतले होते? कॉर्पोरेटला मधला भाव दिसत नाही. आम्ही त्यात आमचे काही बेसिस पॉइंट (टक्क्याचा शंभरावा भाग) घालूनच दर सांगतो. २ कोटी डॉलरवर ५ बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला १० हजार डॉलर, पाच वर्षांचे ५० हजार. ज्या बँकेचं कर्ज तिच्याकडूनच स्वॅप घेतला तर ती दर वाकवते, दुसरीला विचारलं की लगेच सरळ होतो. हे मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

हिशेबी_नाना

एकच कोट घेतला होता. जाऊ दे, मीठ चोळू नका.

हां, पेढ्याचं. स्वॅप मुदत संपताना शून्य होतो, नेहमीच. मधे किंमत कितीही वर जाऊ दे किंवा खाली, शेवटच्या दिवशी घेणं नाही देणं नाही. म्हणजे २०२२ च्या मार्चला जे ७ लाख नफा म्हणून घेतले ते पुढच्या साडेचार वर्षांत खर्च म्हणून परत बाहेर पडणार. हेजची सही झाली तेव्हा त्या मुदतीचा बाजारातला दर १.८० च्या आसपास होता, म्हणजे ऑडिटरच्या नजरेत आमचा हेज १.०० चा नाही, १.८० चा. त्यामुळे पुस्तकात व्याज दिसतं ढोबळमानाने ३.६० आणि बँकेत प्रत्यक्ष जातं २.८०. दरवर्षी हा ०.८० चा फरक २ कोटी डॉलरवर १ लाख ६० हजार होतो, तोच ते ७ लाख हळूहळू खातो.

एका सहीला साडेपाच महिने उशीर, आणि त्यापायी पुढची साडेचार वर्षं दर बैठकीत मी समजावतोय की साहेब, पुस्तकातलं व्याज आणि चेकचं व्याज वेगळं का. एकदा तर बँकेच्याच क्रेडिटवाल्याने विचारलं की तुम्ही दुसरीकडून अजून कर्ज उचललंय का.

सीए_वहिनी

नाना, धागा छान काढलात, पण ऑडिटर म्हणून एक दुरुस्ती. ते ७ लाख अगदी सरळ रेषेत आणि व्याजाच्याच ओळीत उतरतील असं नाही. तुमच्या स्वॅपमध्ये सहीच्या दिवशी ७ लाखांचं जणू एक छोटं कर्ज दडलेलं होतं. आम्ही मोजताना एक काल्पनिक डेरिव्हेटिव्ह धरतो, जो त्या दिवशी शून्य किमतीचा असेल आणि कर्जाला तंतोतंत बसेल. मग खऱ्या स्वॅपमधला सहीपासूनचा एकूण बदल आणि काल्पनिकमधला एकूण बदल, दोन्हीतला जो आकडा लहान तेवढाच ओसीआयमध्ये. खऱ्याचा जास्त भरला तर वरचा भाग इनइफेक्टिव्हनेस, म्हणजे न जुळलेला तुकडा, म्हणून नफातोट्यात. खऱ्याचा कमी भरला तर इनइफेक्टिव्हनेस काही नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच एन्ट्री पाडतात.

आणि जुन्या नियमातली ८० ते १२५ टक्क्यांची पट्टी अजून लोक एक्सेलमध्ये वापरतात. इंड एएस १०९ मध्ये ती नाही. आता विचारतात ते असं की कर्ज आणि स्वॅप यांच्यात आर्थिक नातं आहे का, समोरच्या बँकेची किंवा तुमची पत त्या नात्यावर कुरघोडी करत नाही ना, आणि हेजचं प्रमाण तुम्ही प्रत्यक्षात जे ठेवता तेच कागदावर आहे का. रक्कम, तारखा, बेंचमार्क, मुदत सगळं जुळत असेल तर शब्दांत लिहिलेलं मूल्यमापनही चालतं, दर वेळी रिग्रेशनसारखं संख्याशास्त्र लागत नाही.

तुमच्या कर्जाच्या करारात लायबोर शून्याखाली गेला तर शून्य धरायचा असं कलम होतं का?

हिशेबी_नाना

होतं! आणि स्वॅपमध्ये नव्हतं. त्या मुलीने तेही टिपून घेतलं होतं.

सीए_वहिनी

वाटलंच. समजा लायबोर उणे अर्धा टक्का झाला असता, तर कर्जावर तुम्हाला शून्यच धरलं असतं आणि स्वॅपमध्ये मात्र १.०० शिवाय वरचा तो अर्धा टक्काही तुम्ही बँकेला दिला असता. कर्जात फ्लोर आणि स्वॅपमध्ये नाही, म्हणजे जोडी अर्धवट. तुमचं नशीब की दर वर गेले. २०२१ मध्ये युरोचं कर्ज घेतलेल्या आमच्या एका क्लायंटला हे चांगलंच लागलं, कारण युरिबोर, म्हणजे युरोचा लायबोर, तेव्हा खरोखरच शून्याखाली होता.

कोकणी_फणस

वहिनी, पडवी समजली, काल्पनिक डेरिव्हेटिव्हला डोकं गरगरलं. एका तिमाहीचं आकड्यात सांगता का, बिनपोटकलमांचं?

सीए_वहिनी

सांगते. २०२३ चा पावसाळा घ्या, जुलै ते सप्टेंबर, दर ५.३० धरू. दिवसांचा हिशोब सोडून देते.

कर्जाचं व्याज ५.३० अधिक १.८० म्हणजे ७.१०, तिमाहीचे ३ लाख ५५ हजार डॉलर. हे व्याजखर्चाला नावे. स्वॅपमधून बँकेकडून येणार ५.३० वजा १.००, म्हणजे ४.३० टक्क्यांनी २ लाख १५ हजार. हे आले की त्याच व्याजखर्चाला जमा, "इतर उत्पन्न" मध्ये नाही, ही चूक मी दर वर्षी एकदा तरी पकडते. उरले १ लाख ४० हजार, म्हणजे वर्षाला २.८०. पहिल्या दिवशी सही झाली असती तर पुस्तकातही इतकंच दिसलं असतं.

आता स्वॅपची उरलेली किंमत. ती बँकेचं पत्र येतं त्यावरून लोक घेतात, पण ते पत्र म्हणजे देववाणी नाही, स्वतः एकदा मोजून बघा आणि समोरच्याच्या पतीचा अंश त्यात धरा. मागच्या ताळेबंदापेक्षा किंमत वाढली तर डेरिव्हेटिव्ह मालमत्ता नावे, ओसीआय जमा. आणि त्या ओसीआयवर डिफर्ड टॅक्स (पुढे भरायचा कर), नवीन दर घेतलेला असेल तर २५.१६८ टक्के, तोही ओसीआयमध्येच. तो विसरला की रिझर्व्ह फुगलेला दिसतो.

एवढंच आहे हो. अवघड काही नाही, कंटाळवाणं आहे.

बाजारबुणगा

पतीचा अंश वाचून क्षणभर दचकलो.

सीए_वहिनी

पत, पतीचा नव्हे. म्हणजे पतीचाही असतो, पण तो ताळेबंदाबाहेर.

न्यूजर्सीकर

उशिरा आलो. इकडे अमेरिकेत एका कंपनीत टेक्निकल अकाउंटिंग करतो, त्यामुळे नानांच्या तारखेच्या गोष्टीवर अगदी आतून उसासा निघाला. इथे हाच नियम आणि ह्याच नियमावर भलेभले आपटलेत.

फॅनी मेचं घ्या, घरकर्जं विकत घेणारी इथली बडी संस्था. डिसेंबर २००४ मध्ये एसईसीने, म्हणजे इथल्या सेबीने, सांगितलं की तुमचं डेरिव्हेटिव्हचं अकाउंटिंग एफएएस १३३ ह्या मानकाप्रमाणे नाही. त्यांनी हेज अकाउंटिंग घेतलं होतं पण त्याला लागणाऱ्या तपासण्या नीट केल्याच नव्हत्या. त्याच महिन्यात सीईओ फ्रँकलिन रेन्स गेले, आणि २००६ च्या डिसेंबरात दुरुस्त आकडे आले तेव्हा मागच्या वर्षांच्या नफ्यातून ६.३ अब्ज डॉलर वजा झालेले होते. जीईचं (जनरल इलेक्ट्रिक) तर अजून मजेशीर. ते अल्प मुदतीचे कमर्शियल पेपर, म्हणजे बाजारातून उचललेली उधारी, सतत फिरवत राहायचे आणि त्या व्याजावर स्वॅप. पेपर कमी काढले गेले आणि स्वॅप जास्त, म्हणजे हेज करायला वस्तूच पुरेना. तेव्हा २००३ च्या जानेवारीत पद्धतच बदलून टाकली, ज्यामुळे साधारण २० कोटी डॉलरचा फटका नफ्यात दिसला नाही. २००५ मध्ये आकडे दुरुस्त करावे लागले, आणि २००९ ला एसईसीबरोबर ५ कोटी डॉलरवर मिटलं, त्यात इतरही काही प्रकरणं होती.

ह्यात स्वॅप वाईट होता असं कुठेच नाही. पैशाचा हिशेब बरोबर होता, कागदाचा चुकला.

अमेरिकेत २०१७ च्या दुरुस्तीनंतर कॅश फ्लो हेजमध्ये, म्हणजे नानांच्या जातीच्या हेजमध्ये, थोडं सोपं झालंय. हेज पुरेसा परिणामकारक असेल तर सगळाच बदल ओसीआयमध्ये, वहिनी म्हणतात तो इनइफेक्टिव्हनेसचा तुकडा वेगळा काढत बसावं लागत नाही. पण उलट बाजूला ८० ते १२५ ची सवय इथे अजून जिवंत आहे.

जुना_खतावणीवाला

मी निवृत्त आहे, इचलकरंजीत प्रॅक्टिस केली. पहिल्या पोस्टमधल्या सट्ट्याबद्दल लिहितो, कारण तो शब्द उगाच आलेला नाही. २००७-०८ मध्ये आमच्याकडच्या, तिरुपूरच्या, कुठकुठच्या निर्यातदारांना झिरो कॉस्ट म्हणून ऑप्शन्स, म्हणजे चलनाच्या भावावर बेतलेले करार, विकले गेले. फ्रँक, येन, ज्यांच्याशी ह्यांचा जन्मात संबंध नाही अशा चलनांचे. झिरो कॉस्ट ह्या दोन शब्दांवर मोठमोठे व्यापारी भुलले. माझ्या एका अशिलाने मला विचारलंच नाही, सही करून आला आणि मग फाईल घेऊन आला. तेव्हा आपल्याकडे डेरिव्हेटिव्हसाठी धड स्टँडर्डच लागू नव्हतं. मार्च २००८ ला सीएंच्या इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की निदान तोटा तरी दाखवा, तेव्हा कुठे पुस्तकात आलं. पुढे एप्रिल २०११ मध्ये आरबीआयने १९ बँकांना दंड केला, एकेकाला ५ ते १५ लाख. लोकांचे कारखाने गेले होते.

म्हणून नानांचे शेठ ४४ हजारावर चिडले तर मला त्यांचा राग येत नाही. दुधाने तोंड पोळलेली पिढी आहे ती. पण कर्ज डॉलरचं, व्याज लायबोरचं आणि स्वॅपही त्याच लायबोरचा, ह्यात मला सट्टा दिसत नाही. उलट स्वॅप न करता बसणं हाच सट्टा झाला असता.

कोकणी_फणस

काकांना +१. पण मग डॉलर महाग झाला त्याचं काय? स्वॅपने व्याज बांधलं, मुद्दल तर डॉलरमध्येच. २०२१ ला ७३-७४ होता.

हिशेबी_नाना

आमची निर्यातच डॉलरमध्ये, वर्षाला कर्जाच्या कितीतरी पट, त्यामुळे येणाऱ्या डॉलरमधूनच फेडायचं. ज्यांची सगळी कमाई रुपयात त्यांनी माझं बघून नुसता व्याजाचा स्वॅप केला तर ते गोत्यात येतील, त्यांना मुद्दलाचाही करावा लागतो आणि तो चांगला महाग पडतो. पायाभूत सुविधावाल्यांचं पाच वर्षांच्या आतलं ईसीबी असेल तर ७० टक्के हेज करायची सक्तीच होती तेव्हा आरबीआयची.

सीए_वहिनी

आणि त्यातही गंमत म्हणजे ते डॉलरचं कर्जच पुढच्या निर्यातीच्या विनिमयदराचा हेज म्हणून नेमता येतं, त्यासाठी डेरिव्हेटिव्ह लागत नाही. पण त्यालाही कागद लागतो. तारखेसकट. :)

हिशेबी_नाना

आता दुसरा अंक. मार्च २०२३. लायबोर पाचच्या वर, आमच्या स्वॅपची किंमत साडेअठरा लाख डॉलर, ८२ च्या भावाने पंधरा कोटी. ज्या शेठनी ४४ हजारावरून माझं जेवण हराम केलं होतं तेच आता केबिनमध्ये बोलावून चहा पाजतायत. म्हणाले, "नाना, पंधरा कोटी नुसते पुस्तकात काय ठेवायचे, विकून टाकू." बँकेचा माणूसही तयारच, त्यांना तोडतानाही मार्जिन मिळतं.

मी पाटीवर लिहून दाखवलं, खरंच, आमच्या मीटिंग रूममध्ये पांढरी पाटी आहे. आज पंधरा कोटी घेतले तर उद्यापासून कर्ज उघडं, व्याज सात टक्के. हे पंधरा कोटी म्हणजे पुढच्या साडेतीन वर्षांत स्वॅपमधून जे थेंबथेंब येणार तेच आज एकदम, दुसरं काही नाही. बरं, नफा म्हणून तरी दिसतील का? तेही नाही. कर्ज चालू आहे, व्याज पुढेही भरायचंच आहे, त्यामुळे पडवीत जमलेले डॉलर पडवीतच राहणार आणि त्या त्या तिमाहीला आत येणार. रोकड आज, नफा हप्त्याहप्त्याने. शेठचा चेहरा तिथेच पडला, कारण त्यांना त्या वर्षी बॅलन्सशीट सजवायची होती.

मग म्हणाले कर्जच फेडून टाकू. तर म्हटलं कर्ज फेडलं तर हेज करायला व्याजच उरत नाही, मग मात्र सगळं त्याच दिवशी नफातोट्यात. ते ऐकून डोळे परत चमकले. पण तेवढे डॉलर आणायचे कुठून, रुपयातलं कर्ज काढून २.८० चं कर्ज फेडणार का? विषय संपला.

न्यूजर्सीकर

नाना, तुम्ही मार्च २०२३ म्हणालात म्हणून. त्याच महिन्याच्या १० तारखेला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. त्यांच्याकडे २०२१ च्या अखेरीस बाँडवर बऱ्यापैकी स्वॅप होते, दर वाढले तर वाचवणारे. २०२२ मध्ये दर वाढत असताना त्यांनी बहुतेक काढून टाकले. बुडण्याची कारणं बरीच होती, ठेवी एका रात्रीत पळाल्या हे मुख्य, तेव्हा सगळं स्वॅपवर ढकलत नाही. पण फायद्यात आलेला हेज विकायचा मोह फक्त चाकणच्या शेठना होतो असं समजू नका.

कोकणी_फणस

शेठना हा प्रतिसाद प्रिंट काढून द्या.

मिरजेचा_तंबोरा

मी गप्प वाचत होतो, आता विचारतो. आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड, इंड एएस लागू नाही, जुने एएस, म्हणजे आधीची मानकंच. रुपयाचं टर्म लोन आहे एमसीएलआरवर. आम्हाला ह्यातलं काय लागू?

सीए_वहिनी

तुम्हाला इन्स्टिट्यूटची डेरिव्हेटिव्हवरची गाइडन्स नोट लागू, २०१५ ची, १ एप्रिल २०१६ पासूनची. तिच्यातही डेरिव्हेटिव्ह बाजारभावाने दाखवायचाच आहे आणि हेज अकाउंटिंगची सोयही आहे. "आम्ही लहान आहोत, आम्हाला एमटीएम (बाजारभावाने मोजणं) नाही" हे मला दर सप्टेंबरात ऐकावं लागतं. आहे हो, लहानांनाही आहे.

बाजारबुणगा

तंबोरा, तुमची अडचण अकाउंटिंगच्या आधीची आहे. रुपयात जो स्वॅप सर्रास चालतो तो ओआयएस, त्यात फ्लोटिंग बाजू ओव्हरनाइट मायबोरची, म्हणजे मुंबईतल्या बँकांच्या एका रात्रीच्या उसनवारीच्या दराची. आरबीआयने १९९९ च्या जुलैत हे स्वॅप सुरू करायला परवानगी दिली तेव्हापासून मुख्य व्यवहार त्यातच. तुमचं कर्ज एमसीएलआरवर, आणि एमसीएलआर ही बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून बँकच काढते. रेपो कमी झाला की मायबोर दुसऱ्या दिवशी खाली येतो आणि तुमचा एमसीएलआर येतो सहा महिन्यांनी, तोही आळोखेपिळोखे देत. म्हणजे स्वॅपवर तुम्ही लगेच भरायला लागणार आणि कर्जावर सवलत मिळणार निवांत. हे हेज नाही, ही दोन घोड्यांवरची स्वारी. कर्ज आधी ट्रेझरी बिलाशी किंवा रेपोशी जोडून मागा, मग स्वॅपचं बोला.

हिशेबी_नाना

हाच घोळ आम्हाला डॉलरमध्ये उलट्या वाटेने भेटला. लायबोर ३० जून २०२३ ला बंद झाला. स्वॅप इस्डाच्या प्रोटोकॉलप्रमाणे आपोआप सोफरवर, म्हणजे लायबोरच्या जागी आलेल्या अमेरिकी एका रात्रीच्या दरावर, गेला, तिमाहीभर रोजचा सोफर चक्रवाढ करत जायचं आणि शेवटी आकडा कळतो, वर ०.२६१६१ ची ठरलेली भर. कर्जाची बँक मात्र म्हणाली आम्ही टर्म सोफर लावणार, म्हणजे तिमाहीच्या सुरुवातीलाच ठरलेला. भर तीच, पण सोफर दोन प्रकारचे! म्हणजे इतकी वर्षं काट्याला काटा जुळलेली जोडी, आता एकाचं घड्याळ पुढे आणि एकाचं मागे. फरक तसा बारीक, काही बेसिस पॉइंट, पण अमेरिकी फेडने दर हलवला त्या तिमाहीत स्पष्ट दिसतो. सप्टेंबर २०२४ पासून दर उतरायला लागले तेव्हा कर्जावर जुना चढा दर आणि स्वॅपमध्ये उतरलेला, असं दोन तिमाह्या झालं.

बरं, ह्या बदलापायी हेज तुटला असं धरायचं नाही, तशी सूट स्टँडर्डमध्येच दिली होती. फक्त डॉक्युमेंटेशनमध्ये नवा बेंचमार्क लिहून घ्यायचा. ह्या वेळी मी तो कागद त्याच आठवड्यात केला. त्या मुलीला, ती आता सीए झालीये, स्वतः मेल करून पाठवला.

बाजारबुणगा

टर्म सोफरचाच स्वॅप मागायचा होता. कर्ज टर्म सोफरवर असेल तर ग्राहकाला तो देता येतो. आम्ही आपसात मात्र त्याचा व्यवहार करत नाही, त्यामुळे आमच्याकडे ती जोखीम साचते आणि त्याचे एकदोन बेसिस पॉइंट जास्त लावतो.

हिशेबी_नाना

मागितला होता. त्या एकदोन बेसिस पॉइंटवर शेठ म्हणाले नको.

मिरजेचा_तंबोरा

वहिनी, बाजारभाऊ, धन्यवाद. नाना, ते १५ फेब्रुवारीचं डॉक्युमेंटेशन, नावंगावं खोडून, व्यक्तिगत निरोपातून मिळेल का? नमुना म्हणून.

रात्रपाळी

मलाही.

कोकणी_फणस

मलाही. मला लागणार नाही, पण सगळे मागतायत तर.

सीए_वहिनी

नमुना घ्या, पण त्यात कर्जाची तारीख, रिसेटच्या तारखा आणि फ्लोरचं कलम स्वतःच्या करारातून टाका. मागच्या वर्षी एका फाईलमध्ये मला दुसऱ्याच कंपनीच्या कर्जाची रक्कम सापडली होती. सही मात्र खरी होती.

हिशेबी_नाना

पाठवतो उद्या. घरच्या लॅपटॉपवर नाहीये, ऑफिसच्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली जीएसटीवाल्या मुलाकडे.